रविवारच्या ब्रंचसाठी संत्र्याचा मिमोसा: रस कडू होऊ नये आणि वाइनचा फेस टिकावा यासाठी काय करावे?

धरमपेठकर

नमस्कार. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आमच्या घरी सकाळी अकराच्या सुमारास चौदा-पंधरा जण जमणार आहेत. पंगतीचे जेवण न करता न्याहारी आणि जेवण यांच्या मधला, गप्पा मारत दोन-अडीच तास चालणारा ब्रंच ठेवायचा विचार आहे. त्यात संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाइन यांचा मिमोसा करावा, असे धाकट्या बहिणीने सुचवले आणि बाबांनाही ती कल्पना आवडली, कारण त्या दिवसांत बाजारात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मोहराची, संत्री आलेली असतात आणि नागपुरात पाहुण्यांना द्यायला त्याहून चांगले काय असणार, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझी मुख्य अडचण रसाची आहे. सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारपर्यंत कडवट लागतो, हा आपल्याकडच्या बहुतेक घरांतला अनुभव आहे. पंधरा जणांसाठी रस आदल्या रात्री काढून ठेवता आला तर माझे काम फार सोपे होईल, पण तो कडू होणार असेल तर त्याचा उपयोग नाही. यावर काही उपाय आहे का? त्याशिवाय वाइन कोणती घ्यावी, त्यासाठी महागडी परदेशी शॅम्पेन लागतेच का, ग्लासात आधी रस ओतावा की वाइन, आणि दोहोंचे प्रमाण किती असावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. पाहुण्यांपैकी चार-पाच ज्येष्ठ मंडळी मद्य घेत नाहीत, त्यांना वेगळे पडल्यासारखे वाटू नये अशीही इच्छा आहे.

काटोलचा बागायतदार

ताई, तुमचा पहिला प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर जरा सविस्तर देतो.

नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही वेळाने कडू होतो, तो नासल्यामुळे नव्हे. फळातील पांढरट पडदे, फोडींच्या पाकळ्या आणि बिया यांमध्ये एक घटक असतो, जो अखंड फळात कडू लागत नाही. रस काढताना हे भाग चिरडले गेले की तो घटक रसात उतरतो आणि रसातील आम्लामुळे हळूहळू त्याचे लिमोनिन तयार होते. लिमोनिन अत्यंत कमी प्रमाणातही जिभेला कडू लागते. म्हणूनच ताजा रस गोड लागतो आणि तोच रस काही तासांनी तोंड वाकडे करायला लावतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, थंडीत ती मंदावते, पण थांबत नाही. साखर घालून कडूपणा पूर्ण झाकता येत नाही. गोड आणि कडू दोन्ही चवी वेगवेगळ्या जाणवत राहतात. आपल्या संत्र्यापासून डबाबंद रसाचा उद्योग उभा करताना हीच मोठी अडचण आली आहे आणि आपल्याच शहरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत या फळावर बरेच काम झालेले आहे.

यावरून घरच्यासाठी काय करायचे ते आपोआप ठरते. मिक्सर वापरू नका, कारण त्यात बिया आणि पडदे दोन्ही दळले जातात. आपल्या संत्र्याची साल सैल असल्यामुळे आपण फळ सोलून फोडी मिक्सरमध्ये टाकतो, ही सवय या एका दिवसापुरती बाजूला ठेवावी. फळ न सोलता आडवे कापावे, म्हणजे फोडींचे तोंड उघडे पडते, आणि हाताने चालवायच्या साध्या रसयंत्रावर हलकेच दाबावे. शेवटचा थेंब काढण्याचा मोह टाळावा. जोर लावून पिळले की पांढरा गर आणि सालीतील तेल रसात येते, आणि दहा संत्र्यांमागे जो अर्धा कप रस जास्त मिळतो तो उरलेल्या सगळ्या रसाची चव बिघडवतो. रस बारीक गाळणीतून आपसूक गळू द्यावा, चमच्याने चोथा दाबू नये.

आदल्या रात्री रस काढू नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे. त्याऐवजी संत्री आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. फळच गार असले की रसही गार निघतो आणि कडवटपणा येण्याची गती कमी होते. पाहुणे अकराला येणार असतील तर दहाच्या सुमारास रस काढायला बसावे आणि काढलेला रस झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. घरातील दोन माणसे एकत्र बसली, एकाने कापले आणि दुसऱ्याने पिळले, तर पंधरा जणांचा रस फार वेळ घेत नाही. दुसऱ्या फेरीसाठी थोडी संत्री कापायची बाकी ठेवली तर आणखी उत्तम.

फळांची निवड करताना आकारापेक्षा वजनाकडे पाहा. मृग बहाराचे फळ आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या मोहराच्या, फळापेक्षा गोड असते आणि फळ झाडावर जसजसे पूर्ण पिकते तसतसा कडूपणा देणारा घटकही कमी होत जातो. त्यामुळे बाबांनी सुचवलेला काळ अगदी योग्य आहे. साल फार फुगलेली आणि आतून पोकळ वाटणारी फळे घेऊ नका, त्यांत रस कमी असतो. हातात घेतल्यावर जड वाटणारे, मध्यम आकाराचे, घट्ट फळ घ्यावे. एका पेल्याला साधारण दोन संत्री धरा आणि वर डझनभर जास्त आणा. कळमन्याच्या बाजारात पेटीने घेतले तर स्वस्त पडते, पण पेटीच्या तळाची फळे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

बार काउंटर

मी नागपुरातील एका हॉटेलच्या बारमध्ये काम करतो. रसाविषयी वर जे लिहिले आहे त्यात मला काही बदलायचे नाही, त्यामुळे वाइनकडे वळतो.

शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातील वाइनलाच आहे आणि मिमोसासाठी तिची मुळीच गरज नाही. चांगल्या शॅम्पेनचे जे बारकावे असतात, म्हणजे भाजलेल्या पावासारखा वास आणि लांबत जाणारी चव, ते संत्र्याच्या रसाखाली पूर्ण दबून जातात आणि आपण त्यांचेच पैसे मोजलेले असतात. आपल्या राज्यातच नाशिकजवळ सुला आणि दिंडोरीला शाँदों यांच्या स्पार्कलिंग वाइन तयार होतात, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्लीचीही आहे. इटलीची प्रोसेक्को मिळाली तर तीही चालते. बाटलीवर ‘ब्रूट’ हा शब्द आहे का, एवढे मात्र आवर्जून पाहा. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘डेमी-सेक’ लिहिलेल्या बाटलीत ३२ ते ५० ग्रॅम साखर असते. संत्र्याचा रस स्वतःच इतका गोड असतो की त्यात गोड वाइन मिसळल्यावर सरबत होते, पेय हलके आणि तरतरीत राहत नाही. मृग बहाराचे गोड फळ वापरणार असाल तर ब्रूटच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता थंडपणाविषयी. ग्लासातील बुडबुडे म्हणजे वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू, आणि द्रव जितका थंड तितका तो वायू त्यात अधिक काळ विरघळलेला राहतो. फेब्रुवारीत आपल्याकडे अकरा वाजता ऊन चांगलेच जाणवू लागते, त्यामुळे कोमट बाटली उघडली तर अर्धी वाइन टेबलावर सांडते आणि उरलेलीतला वायू लगेच निघून जातो. बाटल्या आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवा. ऐनवेळी गार करायची वेळ आली तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धे पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, अर्ध्या तासात ती तयार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर फार वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा थंडी पोचू देत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका, आत गोठून बाटली फुटू शकते.

बाटली उघडताना आवाज काढण्याची हौस घरात लहान मुले असताना करू नये. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो आणि सुटलेले बूच डोळ्याला गंभीर इजा करू शकते. वरचा कागद काढा, बुचावर अंगठा दाबून ठेवून तारेची जाळी सैल करा, बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर ठेवा, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच फिरवू नका. बूच वर यायला लागले की ते आतच दाबून धरत हळूहळू सोडायचे. हलका ‘फुस्स’ आवाज आला म्हणजे काम नीट झाले.

प्रमाणाविषयी सांगायचे तर मिमोसात रस आणि वाइन समप्रमाणात घेतात, ७५ मिली रस आणि ७५ मिली वाइन. ७५० मिलीच्या एका बाटलीत दहा पेले होतात. मद्य घेणारे दहा-अकरा जण धरले आणि प्रत्येकी दोन पेले मोजले तर दोन बाटल्या लागतील, तिसरी हाताशी असावी. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ साली केलेल्या ‘बक्स फिझ’मध्ये याच दोन गोष्टी असतात, पण वाइन दोन भाग आणि रस एक भाग असतो. आपले संत्रे परदेशी संत्र्यापेक्षा वेगळे आहे, ते मँडरिन जातीचे असून त्याचा सुगंध जास्त खुलतो, म्हणून समप्रमाणात वाइनची चव जवळपास लागतच नाही. मी स्वतः नागपुरी रसासाठी तीन भाग वाइन आणि दोन भाग रस घेतो. तुम्ही आधी एक पेला करून चाखा आणि मग सर्वांसाठी ठरवा.

ग्लासात आधी वाइन ओतावी आणि मग रस, असे माझे मत आहे. रस वाइनपेक्षा जड असतो, तो खाली जाताना स्वतःच मिसळतो आणि चमच्याने ढवळावे लागत नाही. ढवळले की वायू निघून जातो.

मधुमालती

बार काउंटर यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, त्यामुळे थोडे लिहिते. बारमध्ये एकच सराईत हात वाइन ओतत असतो. घरी मात्र पंधरा ग्लास ओळीने मांडलेले असतात आणि ओतायला उत्साही भाचेमंडळी असतात. अशा वेळी आधी रस मोजून सर्व ग्लासांत ओतून ठेवणे सोयीचे असते, कारण मग वाइन कोठपर्यंत भरायची हे प्रत्येक ग्लासाकडे पाहूनच कळते आणि सर्वांना सारखी मिळते. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जिची सुरुवात झाली त्या बेलिनीतही पांढऱ्या पीचचा गर आधी घालतात आणि प्रोसेक्को त्यावर हळूहळू ओततात, म्हणजे ही रीत चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. फक्त वाइन दोन टप्प्यांत ओतावी. आधी थोडी, फेस बसला की उरलेली, आणि ग्लास तिरका धरून त्याच्या काठावरून.

फेस एकदम उसळतो त्याचे मुख्य कारण रसातील तंतू हे असते, त्यांच्यावर बुडबुडे भराभर तयार होतात. म्हणून गाळणी बारीक हवी, हा बागायतदारांचा सल्ला येथेही लागू पडतो. याच कारणाने ग्लासात चाट मसाला किंवा मीठ घालण्याचा मोह टाळावा. मिठाचे कण पडताच वाइन उतू जाते आणि चवही बिघडते. ग्लासही साबणाचा अंश राहणार नाही इतके स्वच्छ धुतलेले हवेत, नाहीतर फेस टिकत नाही.

ज्येष्ठ मंडळींसाठी वेगळे पेय करू नका, तेच करा. तोच रस, तसेच उंच ग्लास आणि वाइनऐवजी थंडगार साधा सोडा. त्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळावेत, कारण वाइनमधून जो आंबटपणा येतो तो सोड्यात नसतो आणि त्यावाचून पेय सपक लागते. दिसायला दोन्ही पेले सारखेच दिसतात, आणि नेमके म्हणूनच सोड्याच्या ग्लासांच्या काठाला संत्र्याची चकती लावावी आणि ते वेगळ्या तबकातून फिरवावेत. मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या हाती चुकून वाइनचा पेला जाणे योग्य नाही. उपवास असणारे किंवा मद्य वर्ज्य असणारे कोणी असतील तर त्यांनाही असा ग्लास विचारपूर्वक ठेवल्याचे समाधान वाटते.

खाण्याच्या बाबतीत एक विनंती आहे. नागपूरकर म्हणून तर्रीपोहे ठेवायची इच्छा होईल, पण तर्रीचा तिखटपणा आणि वाइनचे बुडबुडे एकत्र आले की जिभेची आग वाढते आणि दोन्हींची चव जाते. सावजी रश्शाचेही तसेच आहे. पोहे साधे ठेवा, वर ओले खोबरे आणि लिंबू. त्यापेक्षा सांबारवडी करा. तिच्या तळलेल्या कुरकुरीत पदराला आणि आतल्या कोथिंबीर-खोबऱ्याच्या सारणाला ब्रूट वाइनचा कोरडेपणा फार चांगला साथ देतो, कारण आंबट, बुडबुडे असलेले पेय तेलाचा तवंग जिभेवरून धुऊन टाकते. सारणात तिखट बेताचे घाला. संत्रा बर्फी शेवटी, पेले उचलल्यावर द्यावी. बर्फीच्या घासावर वाइन घेतली की ती नुसती आंबट लागते.

बार काउंटर

मधुमालती यांनी घरगुती ओतण्याबद्दल जे लिहिले ते मला पटले. एकाच वेळी खूप ग्लास भरायचे असतील तर आधी रस हीच पद्धत सोयीची, फक्त रस वाइनइतकाच गार हवा.

एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि घ्यायला परवाना लागतो, तो दुकानातही मिळतो, त्यामुळे खरेदीच्या वेळी तो घ्यावा आणि त्या आठवड्यात ड्राय डे कोणता आहे ते आधीच पाहावे. पाहुण्यांपैकी कोणी वर्ध्याहून येणार असेल तर उरलेली बाटली भेट म्हणून त्यांच्याबरोबर देऊ नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि प्रेमाने दिलेल्या भेटीमुळे त्यांना विनाकारण त्रास होईल. मिमोसात मद्याचे प्रमाण साधारण सहा टक्के असते, पण ते रसासारखे गोड असल्याने भरभर प्यायले जाते, हे गाडी चालवणाऱ्यांना आवर्जून सांगावे.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. रस त्याच सकाळी काढायचा, हे ठरले. बहीण आणि तिचे यजमान दहा वाजता त्या कामाला बसतील, असे त्यांनी कबूल केले आहे. सांबारवडीची सूचना वाचून आईने यादीतून तर्री स्वतःच काढली.

आणखी दोन शंका आहेत. बाबांच्या एका स्नेह्यांनी संत्र्याऐवजी मोसंबी किंवा डाळिंब वापरता येईल का असे विचारले आहे. आणि उघडलेली बाटली अर्धी उरली तर ती दुसऱ्या दिवशी वापरता येते का? बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा उलटा अडकवून ठेवल्यास वायू टिकतो, असे कोणीतरी सांगितले.

काटोलचा बागायतदार

मोसंबीचा रस फार सौम्य असतो, त्यात आंबटपणा कमी. नुसती मोसंबी वापरली तर पेय मिळमिळीत होते, म्हणून संत्र्यात चौथा हिस्सा मोसंबी मिसळावी, किंवा मोसंबीच्या रसाला लिंबाची जोड द्यावी. डाळिंबाचा रस छान लागतो, पण तो भरपूर घालू नये. पेल्यात आधी एक-दोन चमचे डाळिंबाचा रस आणि वर नुसती वाइन, एवढेच पुरे. रंग सुंदर येतो आणि संत्र्याचा पेला व डाळिंबाचा पेला असे दोन प्रकार पाहुण्यांपुढे ठेवता येतात. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, जाड पिशवीत घालून लाटण्याने हलके दाबा आणि गाळा. आत असलेली बी फुटली की तीही तुरट चव देते.

पुढे एप्रिल-मेमध्ये आंब्याचा विचार कराल तर आंब्याचा रस फार दाट असतो हे लक्षात ठेवा. तो गाळून एका भागाला तीन भाग वाइन घ्यावी आणि ग्लास अर्धाच भरावा, कारण दाट गरात फेस वरपर्यंत चढतो.

बार काउंटर

चमच्याने काहीही होत नाही, वायू टिकण्याचे काम फक्त थंडपणा करतो. त्यासाठी बाटलीच्या मानेला घट्ट पकडणारे, दोन बाजूंना पकड असलेले खास बूच मिळते, ते लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दुसऱ्या दिवशी मिमोसाइतपत बुडबुडे नक्की राहतात. मूळ बूच पुन्हा आत जात नाही, ते फुगलेले असते, आणि साधे रबरी बूच आतल्या दाबाने उडू शकते. खास बूच नसेल तर दुसरी बाटली पहिली पूर्ण संपल्यावरच उघडा. तेवढे पाळले तर उरण्याचा प्रश्न फारसा येत नाही.